रविवारची करवत

प्रभुवारी लाकूड कापणे हे पाप आहे काय? हा प्रश्न वाचून आजच्या तरुण वाचकांना हसू येण्याचा संभव आहे. ज्या दिवसांत बाजारपेठा रविवारीच अधिक गजबजतात आणि कचेरीचे काम मोबाईलवरून थेट जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचते, त्या दिवसांत वीतभर पात्याच्या करवतीची काय मातब्बरी, असे कोणालाही वाटेल. परंतु हा प्रश्न आम्हांस ज्यांनी विचारला ते थट्टा करणारे नव्हते. आमच्या धर्मग्रामातील हे वयस्क गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाल्यापासून पातळ प्लायवूडमधून नक्षीचित्रे कापतात. गव्हाण, शेवटचे भोजन, बाळ येशूला कडेवर घेतलेली पवित्र मरिया, शिडाची होडी, मोर अशी चित्रे कापून, घासून, चौकटीत बसवून ते आप्तेष्टांना भेट देतात. प्रभुवारी हत्याराला हात लावायचा नाही, असे त्यांच्या आईने त्यांना लहानपणी बजावले होते. ‘‘फादर, माझे हे काम म्हणायचे की विश्रांती?’’ एवढेच त्यांनी विचारले.

‘ती विश्रांतीच, करा खुशाल,’ असे सांगून मोकळे होता आले असते आणि ते उत्तर खोटेही ठरले नसते. परंतु एखाद्या साध्या प्रश्नाच्या पोटात मोठा प्रश्न दडलेला असतो. काम म्हणजे काय, विश्रांती म्हणजे काय आणि एकाची विश्रांती दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेली तर नाही ना, हे सारे त्या चार शब्दांत आले होते. म्हणून त्यावर केलेला विचार आम्ही आमच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे काम कसे चालते ते सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा विचार त्यावरच उभा आहे. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची लोखंडी कमान, तिच्या दोन टोकांत ताणून बसविलेले दोऱ्यासारखे बारीक पाते आणि एक मूठ, एवढीच ही करवत. तिला फ्रेटसॉ म्हणतात. विजेवर चालणाऱ्या तिच्या बहिणीला स्क्रोल सॉ असे नाव आहे. पाते नीट ताणले की बोटाने छेडल्यावर तारेसारखा सूर देते. ढिले असेल तर भलतीकडे वाहवते. कागदावर काढलेली नक्षी फळीवर चिकटवावयाची, जो भाग काढून टाकावयाचा त्यात बारीक भोक पाडावयाचे, पाते एका टोकाने सोडवून त्या भोकातून ओवावयाचे, पुन्हा ताणावयाचे आणि मग रेषेवरून कापीत जावयाचे. एक खिडकी झाली की पाते सोडवून दुसऱ्या भोकात. चित्रात दीडशे खिडक्या असतील तर दीडशे वेळा हा विधी. आतल्या खिडक्या आधी आणि बाहेरची कडा सर्वांत शेवटी, म्हणजे फळी धरावयास जागा राहते आणि नाजूक भाग मोडत नाहीत. टोकदार वळण आले की पुढे रेटावयाचे नाही. पाते जागच्या जागी वरखाली चालू ठेवावयाचे आणि फळी हळूहळू फिरवावयाची. घाई केली की पाते तुटते.

या कलेचा एक नियम आहे, तो ध्यानात ठेवावा. जो भाग उरावयाचा आहे तो कोठे ना कोठे उरलेल्या लाकडाशी जोडलेला असला पाहिजे. चेहऱ्यातला डोळा ठेवावयाचा असेल आणि त्याच्या भोवतालचे सारे लाकूड कापून टाकले, तर डोळाच गळून पडतो. म्हणून नक्षी आखणारा ठिकठिकाणी बारीकसे पूल सोडतो. काय कापावे यापेक्षा काय तोडू नये याचा विचार येथे अधिक करावा लागतो.

अशा बारीक करवतीने युरोपातील कारागिरांनी राजवाडे सजविले. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या पदरी असलेला आंद्रे-शार्ल बूल हा कारागीर (१६४२-१७३२) पितळेचा पत्रा व कासवाच्या पाठीचे पातळ कवच एकावर एक ठेवून एकदमच कापीत असे. मग एकातून निघालेला तुकडा दुसऱ्याच्या रिकाम्या जागी नेमका बसे. तो त्याचा उदरनिर्वाहाचा धंदा होता. पुढे एकोणिसाव्या शतकात हीच करवत कारकुनांच्या, शिक्षकांच्या आणि शाळकरी मुलांच्या हाती आली. इंग्लंडात डेरेहॅम या लहानशा गावातून १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक निघू लागले आणि त्यातून जाळीकामाचे नमुने घरोघर पोहोचले. हत्यार तेच, लाकूड तेच, मनगटाची हालचालही तीच. पण एकासाठी ती मजुरी आणि दुसऱ्यासाठी ती हौस. या फरकातच आमच्या प्रश्नाची किल्ली आहे.

जुनी ख्रिस्तसभा या प्रश्नाला काय उत्तर देत होती? १९१७ सालच्या धर्मसंहितेने प्रभुवारी मिस्साबलिदानाला उपस्थित राहण्याबरोबरच ‘दासाची कामे’ वर्ज्य करण्याची आज्ञा केली होती. लॅटिनमध्ये ‘सेर्वुस’ म्हणजे गुलाम. ज्या कामात मुख्यतः शरीर राबते आणि जे पूर्वी गुलामांकडून करून घेतले जाई, ते दासाचे काम. ज्यात मुख्यतः बुद्धी चालते ते स्वतंत्र माणसाचे काम. आमच्या सेमिनरीच्या ग्रंथालयात नीतिशास्त्राची जाडजूड जुनी पुस्तके होती. त्यांत या दोहोंमधील सीमा मोठ्या बारकाईने आखलेली असे. वाचन, लेखन, गायन, वादन, चित्र रेखाटणे यांना मुभा. नांगरणी, शिवण, सुतारकाम यांना मनाई. पैसे घेतले की नाही किंवा माणूस किती थकला, यावर ते अवलंबून नव्हते. कामाचा प्रकार कोणता एवढेच पाहिले जाई. त्या हिशेबाने आमच्या गृहस्थांची स्थिती मोठी चमत्कारिक होते. रविवारी सकाळी कागदावर गव्हाणीची नक्षी काढण्यास हरकत नाही. परंतु तोच कागद फळीवर चिकटवून करवत हाती घेतली की आज्ञाभंग! त्यांच्या आईने जे शिकविले ते अडाणीपणाने शिकविले नव्हते. त्या काळच्या ख्रिस्तसभेची शिकवणच तिने आपल्या साध्या शब्दांत मुलाच्या हाती दिली होती.

१९८३ सालच्या नव्या धर्मसंहितेने ‘दासाची कामे’ हा शब्द गाळला. तिच्या १२४७व्या कलमाने निराळी कसोटी दिली आहे. देवाची उपासना, प्रभुवाराचा खास आनंद आणि तनामनाची योग्य विश्रांती, या तिहींच्या आड जे जे काम किंवा व्यवहार येतील त्यांपासून दूर राहावे, असे ती सांगते. आता हत्याराकडे बोट दाखवून चालत नाही; माणसाला आपल्या अंतःकरणाकडे पाहावे लागते. ही कसोटी सोपी झाली असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते ती अधिक कठीण झाली. करवत खुंटीला टांगून ठेवणे सोपे असते. आपण गुलाम आहोत की मोकळे, हे स्वतःला विचारणे अवघड असते.

कारण जुना शब्द गेला तरी त्यामागचे सत्य गेलेले नाही. विश्रामदिनाची आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी आली आहे आणि दोन्हीकडे कारण वेगळे दिले आहे. निर्गमाच्या पुस्तकात कारण आहे ते सृष्टीचे: देवाने सहा दिवसांत जग निर्मिले व सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात कारण आहे ते सुटकेचे: तुम्ही मिसर देशात दास होता आणि परमेश्वराने तुम्हांला तेथून बाहेर काढले, याची आठवण ठेवा. म्हणूनच तेथे दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका यांनाही विसावा मिळावा, असे आवर्जून सांगितले आहे. दास कधी स्वतःहून थांबू शकत नाही. जो थांबू शकतो तो मोकळा. प्रभुवार म्हणजे आपण मोकळे असल्याची दर आठवड्याला होणारी परीक्षा होय.

याच निर्गम पुस्तकात लाकडावर नक्षी करणाऱ्यांनी वाचावा असा एक अध्याय आहे. एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर बसालेल आणि अहलियाब या दोन कारागिरांना नावाने बोलावतो, त्यांच्या ठायी आपला आत्मा घालतो आणि सोने, रुपे, पाषाण व लाकूड यांवर कुशल काम करण्याची बुद्धी देतो. देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून प्रथम ज्याचे वर्णन वाचावयास मिळते त्या थोड्या माणसांत एक कारागीर आहे, ही गोष्ट आमच्या घरच्या सुतार-गवंड्यांना कोणीतरी सांगावयास हवी. परंतु खरी मौज पुढे आहे. या नेमणुकीला लागूनच, त्याच अध्यायात, विश्रामदिनाची कडक आज्ञा येते. जणू परमेश्वर त्यांना म्हणतो की, तुम्ही माझ्यासाठीच काम करीत आहात, हे मला ठाऊक आहे. तरीही सातव्या दिवशी थांबा. देवाचा निवासमंडपसुद्धा विश्रामदिनी बांधावयाचा नाही! यहुदी गुरूंनी या शेजारसंबंधावर फार मनन केले आणि मंडप उभारण्यासाठी जी जी कामे लागली त्यांवरून विश्रामदिनी वर्ज्य असलेल्या कामांचे एकोणचाळीस प्रकार ठरविले. नासरेथच्या सुताराच्या घरीही विश्रामदिनी हत्यारे खाली ठेवली जात असतील आणि लूकच्या शुभवर्तमानानुसार येशू आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात जात असे. पवित्र कामालाही विसावा हवा. काम पवित्र आहे म्हणून थांबण्याची गरज नाही असे मानणे हा धार्मिक माणसाला होणारा मोह आहे, आणि त्यातून आम्ही धर्मगुरूही सुटलेलो नाही.

येथे कोणी विचारील की, मग हौशी माणसाने चाळीस-चाळीस तास घालवून असले चित्र करावेच कशाला? संगणकाला नक्षी दिली की लेसरचे यंत्र तेच शेवटचे भोजन काही मिनिटांत कापून देते, तेही एकही पाते न मोडता. आक्षेप रास्त आहे. केवळ वस्तू हवी असेल तर यंत्राकडेच जावे. परंतु पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या विश्वपत्रात कामाच्या दोन बाजू उलगडून दाखविल्या. एक बाजू कामातून जे निपजते त्याची आणि दुसरी बाजू काम करणाऱ्या माणसाची. दुसरी बाजू श्रेष्ठ. काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नसतो. यंत्राने पहिली बाजू जिंकली म्हणून दुसरी हरत नाही. त्या चाळीस तासांत लाकडाचे चित्र होते तसे माणसाचेही काही होते. वळणावर न रेटण्याची सवय लागते. तुटलेले पाते बदलून पुन्हा त्याच भोकातून आरंभ करण्याची सवय लागते. रागाच्या भरात हाती घेतलेली फळी वाया जाते, हे कळते. हे शिक्षण यंत्राला देता येत नाही, कारण यंत्राला त्याची गरज नाही. आपल्याला आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात खेळ व करमणूक यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात ते संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. शिष्यांसह खेळताना योहानाला पाहून काही जणांना वाईट वाटले. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले. त्याने अनेक सोडले. असेच सतत करीत राहता येईल काय, असे योहानाने विचारताच तो उत्तरला की, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनुष्याचे मनही तसेच आहे, असे मग योहानाने सांगितले. करवतीचे पाते ताणल्याशिवाय कापीत नाही हे खरे; पण काम आटोपल्यावर कमानीचा ताण सैल करून ठेवावा, हेही जाणता कारागीर सांगतो. हौस म्हणजे आळस नव्हे आणि विसावा म्हणजे रिकामपण नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. माणसाने अधिक काम करावे म्हणून विसावा नसतो. विसाव्याचे मूळ उपासनेत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

इथवर आमच्या गृहस्थांना आनंद वाटावा असेच सारे झाले. आता दुसरी बाजू. त्यांची कला पाहून लोक मागणी करू लागले. कोणाला घराच्या नावाची पाटी हवी, कोणाला लग्नाच्या रौप्यमहोत्सवासाठी चौकट, कोणाला नाताळापूर्वी पाच गव्हाणी. पैसे ते घेत नसत. पण नकारही देत नसत. एका वर्षी आगमनकाळाचे चारही रविवार त्यांनी करवतीपाशी काढले. मिस्सा झाली की चहा उभ्याउभ्याच. घरात बारीक भुसा, नातवंडांना जवळ येण्याची बंदी आणि पत्नीशी बोलणे ‘जेवायला वाढ’ एवढ्यापुरते. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचे तर बोलायलाच नको. हे त्यांनीच आम्हांस सांगितले आणि त्यांचा प्रश्न खरे म्हणजे तेथून निघाला होता. एक छदामही न घेता मनुष्य गुलाम होऊ शकतो. मालकाच्या जागी कौतुक येऊन बसते. ‘तुमच्यासारखे कोणाला जमत नाही’ हे वाक्य ऐकण्यासाठी माणूस जितका राबतो तितका तो पगारासाठीही राबत नाही. ज्या दिवशी हौस सोडवत नाही त्या दिवशी ती हौस राहिली नाही, असे समजावे. जुन्या पुस्तकांतील ‘दासाचे काम’ हा शब्द तेव्हा पुन्हा खरा ठरतो. फरक इतकाच की, तो आता हाताला लागू होत नाही, मनाला लागू होतो.

आणखी एक गोष्ट उरली, ती चौकटीची. चित्र कापून झाले म्हणजे पुरे होत नाही. त्याच्या मागे गडद मखमल किंवा रंगीत कागद हवा, म्हणजे रिकाम्या जागा बोलू लागतात. काच लाकडाला टेकू नये म्हणून मध्ये बारीक पट्टी हवी. चौकटीच्या चार पट्ट्या पंचेचाळीस अंशांत तिरप्या कापाव्या लागतात. चार कोपरे म्हणजे आठ कापे. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उभी राहते. हे किचकट काम आमचे गृहस्थ दुकानातून करून घेत. दुकान रविवारीही उघडे असे. मिस्सा आटोपून, चांगले कपडे घालून, चित्र काखेत मारून ते तेथे जात आणि आतल्या अंगाला परप्रांतातून आलेला एक तरुण दिवसभर पट्ट्या कापीत, खिळे ठोकीत बसलेला असे. ‘‘आजच्या आज देशील ना रे बाबा?’’ असे म्हणावयाचे आणि तो मान डोलवी. त्याला कोणत्या दिवशी सुटी असते, हे कधी विचारले काय, असे आम्ही गृहस्थांना विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमच्या मते रविवारच्या करवतीचा खरा प्रश्न येथे आहे. घरातली करवत पापी की निष्पाप, याची आपण चर्चा करीत बसतो आणि दुकानातली करवत आपल्याच निरोपाने चालू असते. यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात नेमका हाच आरोप केला होता: उपवासाच्या दिवशी तुम्ही आपली मर्जी साधता आणि आपल्या मजुरांना मात्र राबवून घेता. तो तरुण कोणत्या धर्माचा आहे आणि त्याचा पवित्र दिवस कोणता, हा मुद्दा येथे गौण आहे. अनुवादाच्या आज्ञेत वेशीच्या आतील परक्याचे नाव आहे. त्याने आपली उपासना करावी अशी अट तेथे घातलेली नाही. त्याला विसावा मिळावा एवढेच म्हटले आहे.

आपण ज्या सुटीत हौस करतो ती सुटीही आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना संघटित केले, सभा भरविल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्यानंतर वर्षभरात, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र निघाले आणि त्यात कामगाराच्या विसाव्याला, विशेषतः प्रभुवारच्या विसाव्याला, त्याचा हक्क म्हणून स्थान मिळाले. मुंबईतील सत्यशोधक आणि रोममधील पोप यांची गाठभेट कधी झाली नव्हती. परंतु थकलेला माणूस दोघांनीही पाहिला होता. वसईची कितीतरी घरे याच मुंबईच्या नोकऱ्यांवर उभी राहिली. रविवारी सकाळी आपण देवळाकडे चालू लागतो तेव्हा त्या वाटेवर लोखंड्यांचेही ऋण आहे.

मग हौशी माणसाने आपल्या कलेतून कारागिराला काय द्यावे? आम्हांस वाटते, सर्वांत आधी जाण द्यावी. ज्याने स्वतःच्या हाताने एक वळण नीट कापले आहे, त्याला दाराच्या नक्षीचा भाव ऐकून ‘एवढे कशाचे रे?’ असे म्हणवणार नाही. ज्याने एकदा चौकटीचा चौथा कोपरा जुळविण्यासाठी घाम गाळला आहे, तो फ्रेमवाल्याशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालणार नाही. आपल्या गावांतील जुन्या घरांच्या पागोळ्यांखाली लाकडी झालरी दिसतात. त्या कापणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, घरमालकांची आहेत. हौसेने करवत धरणाऱ्याला निदान त्या अनामिक हातांची आठवण यावी. हौस जर माणसाला श्रमाची किंमत शिकवीत नसेल, तर ती श्रीमंतांचे खेळणे होऊन राहील.

गृहस्थांच्या प्रश्नाला आम्ही शेवटी जे उत्तर दिले ते असे. रविवारी करवत हाती घेण्यास हरकत नाही. तीन गोष्टी तेवढ्या पाहाव्यात. मिस्सा उरकून टाकावी इतकी तिची घाई वाटू नये. घरच्या कोणी हाक मारली तर वळण अर्धे असले तरी ती खाली ठेवता यावी. आणि आपल्या रविवारच्या आनंदासाठी दुसऱ्या कोणाचा विसावा खर्ची पडू नये. चौकट शनिवारी द्या, बुधवारी आणा. घाई करू नका. चौकट लागण्यास आठ दिवस लागले म्हणून गव्हाणीतल्या बाळाचे काही अडत नाही. वर्षातून एखादा रविवार मात्र करवतीला मुद्दाम हात लावू नये. हात लावल्यावाचून राहवते की नाही, हे पाहण्यासाठी. त्यांनी यावर ‘‘आईचेच म्हणणे पुन्हा आले की, फादर!’’ असे म्हटले. काही अंशी ते खरे आहे.

नावाच्या पाट्या कापणाऱ्यांना एक अनुभव येतो. रोमन लिपीतील नाव कापले की अक्षरे सुटी होऊन पडतात. त्यांना एकत्र ठेवण्यासाठी खाली वेगळी पट्टी सोडावी लागते. आपल्या देवनागरीत ती सोय मुळातच आहे. शिरोरेखा कापली नाही तर सारे नाव एकसंध हाती येते. एखादा अनुस्वार तेवढा जपावा लागतो. अक्षरांतून पुष्कळ काही कापून काढता येते, नाजूक वळणे देता येतात. पण वरची ती साधी, बिननक्षीची सरळ रेघ तोडावयाची नाही, एवढे पथ्य पाळावे लागते. आठवड्याच्या सहा दिवसांना जोडून ठेवणारा प्रभुवार हा असाच आहे. त्यात कोरीवकाम नसले तरी चालेल. तो अखंड राहिला पाहिजे आणि त्याखाली आपल्या नावाबरोबर फ्रेमच्या दुकानातल्या त्या तरुणाचेही नाव धरले गेले पाहिजे.